बिंदू चौकात येताना कागद घेऊन या

कोल्हापुरात निवडणूक महापालिकेची असो, साखर कारखान्याची असो, दूध संघाची असो की लोकसभेची. प्रचार तापला की एक वाक्य हमखास ऐकू येते. 'हिंमत असेल तर बिंदू चौकात या.' एका गटाचा नेता आरोप करतो, दुसरा तो फेटाळतो, मग आव्हान आणि प्रतिआव्हान. दिवस ठरतो, वेळ ठरते. कार्यकर्ते जमतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, वाहिन्यांचे कॅमेरे येतात, घोषणांनी चौक दणाणतो. ज्या आरोपावरून हे सगळे उभे राहिले त्याचा कागद मात्र क्वचितच कुणाच्या हातात दिसतो. रात्री दोन्ही बाजूंचे स्टेटस एकच सांगतात: समोरचा पळाला. याच चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसवले गेले, तेही बाबासाहेब हयात असताना. आयुष्यभर पुरावा पुढे ठेवून वाद घातलेल्या दोन माणसांसमोर आपण वादाची ही पद्धत रूढ केली आहे.

या प्रकारापेक्षाही त्यावर होणारी चर्चा मला जास्त अस्वस्थ करते. चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'सगळे सारखेच, कुणाचं काय घेऊन बसलाय.' दुसरा म्हणतो, 'आमचे थोडंफार बोलत असतील, पण ते तर जन्माचे खोटारडे.' पहिल्या सुरात सगळ्यांनाच माफी मिळून जाते. दुसऱ्यात दोन्ही पक्षांच्या थापांची मोजदाद सुरू होते आणि ज्याची यादी लांब तो हरला असे ठरते. या मोजदादीतून आजवर एकाही नेत्याचे एकही खोटे विधान मागे घेतले गेल्याचे मी पाहिलेले नाही. ते घेतले जाणारही नाही. कारण विरोधकाने खोटे उघडे पाडले तर नेत्याचे काही बिघडत नाही, उलट त्याचे समर्थक आणखी घट्ट होतात. नेत्याला भीती असते ती आपली माणसे मान फिरवतील याची. म्हणून माझे म्हणणे असे आहे की राजकारणातले खोटे थांबवण्याची खरी ताकद त्या खोट्याचा फायदा ज्या बाजूला होतो, त्या बाजूच्या लोकांकडे असते. काँग्रेसवाल्याने भाजपच्या थापा मोजल्याने आणि भाजपवाल्याने काँग्रेसच्या मोजल्याने करमणूक होईल, फरक पडणार नाही.

यावर पहिला आणि सगळ्यात जोरदार आक्षेप असा की प्रश्न खरा असेल, बाजू न्यायाची असेल, तर पुराव्यात थोडे इकडे-तिकडे झाले म्हणून काय बिघडले? मोठ्या अन्यायाविरुद्ध लढताना शब्द तोलत बसायचे का? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. १८८१ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. तरुण राजाला वेडा ठरवून त्याचे हाल केले जात आहेत अशी चर्चा होती, आणि ती निराधार नव्हती. संस्थानचा कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती होता. 'केसरी' आणि 'मराठा' ही टिळक-आगरकरांची वृत्तपत्रे तेव्हा नुकतीच सुरू झालेली. बर्व्यांचा कट सिद्ध करणारी म्हणून काही पत्रे त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी चूक कबूल करून माफी मागितली, तरी खटला चालला आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले.

या प्रकरणात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी धडपड केली ती महात्मा फुल्यांनी. त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी जामीन दिला. पुढच्या काळात या मंडळींचे एकमेकांशी किती टोकाचे मतभेद झाले हे महाराष्ट्राला माहीत आहे. तरीही कोल्हापूरच्या राजासाठी आवाज उठवणाऱ्या संपादकांना मदत करताना फुल्यांनी त्यांची जात किंवा गट पाहिला नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. राजाचे हाल हा प्रश्न खरा होता. पण कोर्टात तपासले गेले ते पत्रांचे अक्षर. बनावट कागदाने खऱ्या प्रश्नाची जागा घेतली, बर्वे जिंकले, आणि महाराजांना कसे वागवले जाते याची चौकशी मागे पडली. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत, चौथ्या शिवाजी महाराजांचा मृत्यू झाला. बाजू न्यायाची असताना पुरावा खोटा वापरला तर सगळ्यात जास्त नुकसान त्या न्यायाच्या बाजूचेच होते. विरोधकाला उत्तर द्यावेच लागत नाही, 'हे बघा खोटे बोलतात' एवढे म्हणून तो मोकळा होतो. टिळक-आगरकर तेव्हा पंचविशीतले तरुण होते. आपल्या हातून चूक झाली हे कळल्यावर ती त्यांनी मान्य केली. आज एखाद्या पक्षाच्या आयटी सेलने पसरवलेला व्हिडिओ जुना किंवा दुसऱ्या राज्यातला निघाला, तर तो गुपचूप काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी नवा टाकतात. त्याच पक्षाचा एक तरी कार्यकर्ता आपल्या ग्रुपवर विचारतो का, की काल आपण लोकांना काय दाखवले?

आता जिथे खोट्याची किंमत घराच्या भिंतीवर दिसते, त्या विषयाकडे येतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावे, शहरातला सुतारवाडा, शाहूपुरी, जाधववाडीकडचा भाग. कुठल्या घरात पाणी कुठवर आले हे तिथली माणसे आजही भिंतीवर हात ठेवून सांगतात. २०१९ च्या त्या दिवसांत लोक पत्र्यावर बसून बोटीची वाट पाहत होते. तेव्हा एका मंत्र्यांच्या बोटीतला सेल्फीचा व्हिडिओ सगळ्या राज्याने पाहिला. पूरग्रस्तांसाठीच्या गहू-तांदळाच्या पिशव्यांवर मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदारांचे फोटो चिकटवलेले दिसले. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण टीका केली विरोधकांनी. पूर ओसरल्यावर फलक लावायची पाळी आली तेव्हा टीका करणाऱ्यांनीही आपापल्या मदतीच्या ट्रकवर आपापले चेहरे लावले. त्या पिशव्यांवरचे स्टिकर सत्ताधारी पक्षाच्या शंभर कार्यकर्त्यांनी तिथल्या तिथे फाडून टाकले असते, तर पुढच्या पुरात तो प्रकार करायची कुणाची छाती झाली नसती.

स्टिकर ही त्या मानाने किरकोळ गोष्ट. खरे मोठे असत्य पुराच्या कारणाविषयी आहे. २००५ पासून दर मोठ्या पुरानंतर आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक नेता, पक्ष कोणताही असो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतो. कर्नाटकाने पाणी सोडले नाही म्हणून आम्ही बुडालो. हे बोलायला सोपे आहे. अलमट्टीचे मतदार इथे मतदान करत नाहीत, तिथला ठेकेदार इथल्या निवडणुकीला पैसा पुरवत नाही. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनेच नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०२० मध्ये अहवाल दिला. अलमट्टीमुळे हा पूर आला नाही असा त्या समितीचा निष्कर्ष होता, आणि कमी दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस, पूरक्षेत्रातली अतिक्रमणे, नदीच्या वहनक्षमतेतले अडथळे यांकडे तिने लक्ष वेधले. समितीच्या निष्कर्षावर आक्षेप असणारे अभ्यासक आहेत, कर्नाटकातल्याच हिप्परगीच्या बंधाऱ्याचा आणि त्यामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा, म्हणजे फुगवट्याचा मुद्दा ते मांडतात. त्यांनी पातळ्यांचे आणि विसर्गाचे आकडे ठेवून जरूर भांडावे, तो प्रामाणिक वाद आहे. अलमट्टीची उंची ५२४ मीटरपर्यंत वाढवण्याला महाराष्ट्राने विरोध करावा की नाही, हाही वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण आपले नेते त्या अहवालाचे नावही घेत नाहीत. का घेत नाहीत? कारण अहवाल मान्य केला की पुढचा प्रश्न निळ्या रेषेचा येतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो त्या रेषेच्या आत कुणी भर टाकली, कुणाच्या सहीने बांधकाम परवाने निघाले, तिथली मंगल कार्यालये आणि अपार्टमेंट कुणाची, हे विचारावे लागते. त्यात सगळ्या पक्षांची माणसे आहेत.

म्हणजे इथे खोटे बोलून कुणी विरोधकाला हरवत नाही. सगळे मिळून आपापल्या समर्थकांना दिलासा देतात की तुमचा काही दोष नाही, दोष पलीकडच्या राज्याचा. मला हे राजकारणातले सगळ्यात घातक असत्य वाटते, कारण त्याला विरोधकच नसतो. ते खोडून काढायला कुणीच पुढे येत नाही, आणि पुढच्या जुलैत पाणी पुन्हा त्याच उंबऱ्यावर येते. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या गेल्या, आणि त्या पुनर्वसनाचे प्रश्न २०१९ आणि २०२१ च्या पुरातही तसेच होते. इतक्या वर्षांत अलमट्टीवर जितकी भाषणे झाली, त्याच्या दहाव्या हिश्शाने सोनतळीवर झाली का?

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: लक्ष वेधून घेणे म्हणजे खोटेपणा नव्हे. दुबळ्याच्या हातात दुसरे असते तरी काय? ऊसदरासाठी रस्ता अडवला नाही तर कारखानदार बोलावत नाहीत, दूध रस्त्यावर ओतल्याशिवाय मंत्रालयाला जाग येत नाही. सभ्यपणे निवेदन देणाऱ्याचे निवेदन फायलीत जाते आणि फाईल कपाटात जाते. जे सत्तेत आहेत त्यांना शांतता परवडते, बाकीच्यांना आवाज करावा लागतो. जो माणूस 'नाटके बंद करा' म्हणतो तो अनेकदा आहे ती व्यवस्था चालू राहू द्या असेच म्हणत असतो.

पण आवाज कशासाठी केला हे तपासता येते. याच शहरातला टोलचा लढा आठवा. रस्ते विकास प्रकल्पाच्या नावाखाली शहराच्या वेशीवर नाकी उभी राहिली. त्याविरुद्ध कृती समिती झाली. तिच्या पुढे ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे होते. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, शहर बंद झाले, टीव्हीवर रोज बातमी झाली. लक्ष तर वेधलेच. जानेवारी २०१४ मध्ये नाकी पेटवली गेली, ते चुकीचे होते हेही म्हटले पाहिजे. पण या लढ्याचा कणा कागदाचा होता. करारात काय लिहिले होते, रस्ते किती लांबीचे ठरले आणि किती झाले, गटारे आणि पदपथ कुठे राहिले, कामाचा दर्जा काय, खर्चाचा आकडा कुठून आला, हे सगळे समितीने मांडले आणि सरकारला फेरमूल्यांकन करायला लावले. तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. एन. डी. सरांच्या पत्नी सरोजताई या शरद पवारांच्या भगिनी. नात्यातल्या माणसाच्या पक्षाचे सरकार आहे म्हणून सरांचा आवाज एक पट्टी खाली आला नाही. पानसऱ्यांवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतताना गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस टोल रद्द होण्याचा निर्णय झाला. पाहायला ते नव्हते. या दोघांना त्या आंदोलनातून कोणती आमदारकी मिळणार होती? लोकांचे लक्ष त्यांनी रस्त्याकडे आणि कराराकडे वळवले. कॅमेरा निघून गेला तरी मागे काहीतरी शिल्लक राहिले, ज्यावर पुढचा माणूस बोट ठेवू शकत होता.

याच्या उलट श्रेयाची भांडणे पाहा. काळम्मावाडी धरणातून शहराला थेट पाइपलाइनने पाणी आणण्याची मागणी कित्येक वर्षांची. योजना मंजूर झाली २०१३ मध्ये, सुमारे ५३ किलोमीटरची वाहिनी, आणि पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचले नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. दहा वर्षे का लागली, खर्च कुठे वाढला, पाणी आल्यानंतरही वरचेवर पंप बंद पडून शहराच्या काही भागांत टँकर का फिरतो, जुन्या वितरण वाहिन्यांची गळती कोण काढणार, हे प्रश्न रोजच्या जगण्याचे आहेत. चर्चा मात्र रंगली ती पाणी कुणी आणले यावर. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चार दशके लढून मिळवलेले उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे १७ ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झाले, तेव्हाही चौकाचौकांत डिजिटल फलक लागले आणि त्यांवर वकिलांपेक्षा नेते जास्त दिसले.

हे केवळ स्वभावाने होते असे मला वाटत नाही. दावा करणाऱ्याला उलटतपासणीला सामोरे जावे लागेल अशा जागाच आपण बंद पडू दिल्या. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे शहराला सभागृहच नव्हते, प्रशासक होते. सभागृहात आरडाओरडा होतो, राजदंड पळवला जातो, हे खरे. पण तिथे विषयपत्रिका असते, अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, इतिवृत्तात नोंद होते आणि स्थायी समितीत टक्केवारीवरून का होईना, एकाची फाईल दुसरा उघडतो. ते गेले आणि उरल्या पत्रकार परिषदा, जिथे नेता बोलतो आणि निघून जातो.

सहकारात तर हे त्याआधीच झाले होते. जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या संस्थेच्या वार्षिक सभेला एकदा मंडपात मागे उभे राहून पाहावे. पुढच्या रांगा सकाळीच आपल्या माणसांनी भरलेल्या असतात. अध्यक्षांचे स्वागत होते, विषय क्रमांक एक वाचला जातो आणि वाचन पूर्ण व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो. मागून 'नामंजूर' उठते. कुणीतरी अहवालाचे पान दुमडून, त्यावर पेनने खूण करून आलेला असतो. तो हात वर करून उभा राहतो, पण माईक त्याच्यापर्यंत येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत राष्ट्रगीत होते. बाहेर विरोधकांची समांतर सभा भरते आणि तिथेही तसाच गजर होतो, फक्त उलट्या बाजूने. २०१८ मध्ये जिल्हा दूध संघ 'गोकुळ' मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणारी संस्था करायचा ठराव आला तेव्हाची सभा अनेकांना आठवत असेल. लाखो दूध उत्पादकांच्या भवितव्याचा विषय काही मिनिटांत, गोंधळात, चपला उडत असताना 'मंजूर' झाला. पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला आणि २०२१ च्या निवडणुकीत सत्ताही बदलली. पण सभेची रीत बदलली का? पान दुमडून आलेल्या त्या सभासदाला आज माईक मिळतो का, हे नव्या सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी विचारायचे होते.

'लोकांना सगळं कळतं, ते मजा बघतात आणि मत द्यायचं त्यालाच देतात', हे विधान आपल्याकडे मोठ्या अभिमानाने केले जाते. २०१९ च्या लोकसभेला 'आमचं ठरलंय' म्हणत आघाडीतल्या नेत्याने उघडपणे समोरच्या युतीच्या उमेदवाराला बळ दिले, आणि लोकांनी ते समजून-उमजून मत दिले, असा दाखलाही मिळतो. मला हे मान्य आहे की इथला मतदार भोळा नाही. पण कळणे पुरेसे नसते. नेत्याचा शब्द मनापासून नसतो हे सगळ्यांना कळले, तर त्या शब्दावर कुणी काही उभारू शकत नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा. वर्ध्याजवळचे पवनार ते गोव्याच्या सीमेवरचे पत्रादेवी, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरचा रस्ता. जिल्ह्यातल्या गावोगावी विरोध झाला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली आणि महामार्ग गेला असे सभांमधून सांगितले गेले. निवडणूक झाली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाच्या भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली. मग आखणी बदलणार, इकडून नेणार, तिकडून नेणार अशी विधाने सुरू झाली. रस्ता हवा असणारेही लोक आहेत, त्यांची बाजू ऐकली पाहिजे. पण ज्याचा गट नंबर त्या आखणीत आहे त्याने काय करायचे? नवी लावण करायची की खोडवा ठेवायचा? नदीवरून पाइपलाइन आणायला सोसायटीचे कर्ज काढायचे की थांबायचे? मुलाच्या लग्नाआधी घराला वरचा मजला चढवायचा की नाही? 'रद्द झाला' हा शब्द खरा मानला तर फसतो, खोटा मानला तर वर्षे वाया जातात. त्याला सगळे कळते, आणि कळूनही तो अडकलेला आहे.

भडकावू वाक्यांचेही तसेच. ७ जून २०२३ रोजी काही तरुणांच्या मोबाइल स्टेटसवरून शहर पेटले, दगडफेक झाली, दुकाने फुटली, इंटरनेट बंद करावे लागले. त्यानंतर दोन्हीकडचे नेते कॅमेऱ्यापुढे जे बोलले त्यातले किती मनापासून होते हे लोकांना कळत होते. पण त्या दिवशी ज्याची हातगाडी उलटली त्याला त्या कळण्याचा काय उपयोग?

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तुम्ही म्हणता समर्थकांनी आपल्या नेत्याला विचारावे. विचारणार कसे? कोल्हापूरच्या राजकारणात नेता म्हणजे फक्त नेता नसतो. कारखाना त्याचा, बँक त्याच्या ताब्यात, शिक्षणसंस्था त्याची, दवाखाना त्याचा. कार्यकर्त्याचा मुलगा त्याच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागलेला असतो, सून संघाच्या ऑफिसात असते, उसाची तोड त्याच्या माणसाच्या चिठ्ठीवर येते, तालमीच्या नव्या इमारतीला निधी त्याच्याकडून येतो. एक प्रश्न विचारला तर तोड पुढे ढकलली जाते आणि उभा ऊस वाळतो. या माणसाला 'भ्याड' म्हणणे हा अन्याय होईल. शहरात बसून त्याला प्रामाणिकपणाचे धडे देणे सोपे आहे. एन. डी. सरांसारखी माणसे निर्भय होती, पण त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाची आज जिल्ह्यात काय ताकद उरली आहे, हेही डोळ्यांपुढे आहे. खरे बोलणारा हरतो, हा निष्कर्ष लोकांनी अनुभवाने काढला आहे.

तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि त्याचे कारण हे अवलंबित्व दुहेरी आहे हेच. नेत्यालाही गावातला तोच कार्यकर्ता लागतो. बूथवर तोच बसतो, ठराव तोच गोळा करतो, सभेला गाडी तोच भरतो. एकट्याने विचारले तर तोड थांबेल; गावातल्या चाळीस सभासदांनी सहीनिशी लेखी प्रश्न दिला तर चाळीस जणांची तोड थांबवणे कुठल्याच चेअरमनला परवडत नाही. वार्षिक सभेआधी लेखी प्रश्न द्यायची सोय आहेच. महापालिकेतले कागद मागायला २००५ पासून माहिती अधिकाराचा कायदा आहे. आज हे अर्ज कोण करतो? विरोधी गटाचा माणूस, समोरच्याला अडकवायला. सत्ताधारी गटाच्या माणसाने आपल्याच गटाच्या कारभाराची माहिती मागितली असे किती वेळा घडते? ते घडायला लागले की नेत्याला बोलण्याआधी आकडा पाहून घ्यावा लागेल.

आपल्याकडे प्रत्येक भाषणाची सुरुवात 'राजर्षी शाहूंच्या या भूमीत' अशी होते. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर गॅझेटमधून आदेश काढला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना द्याव्यात. हा आदेश सगळ्यांना माहीत आहे. त्याच आदेशात पुढे असेही होते की सर्व खातेप्रमुखांनी यापुढे झालेल्या नेमणुकांचा दर तीन महिन्यांनी तक्ता सादर करावा. ही ओळ भाषणात येत नाही. महाराज तेव्हा विलायतेत होते, टाळ्या घ्यायला समोर सभा नव्हती. राजघराण्याला वैदिक मंत्रांनी विधी करण्याचा अधिकार आहे की नाही, या वेदोक्ताच्या वादाने वातावरण तापलेले होते, वृत्तपत्रांतून झोड उठत होती. अशा वेळी त्यांनी विरोधकांना उत्तर देणारे भाषण काढले नाही. टक्का लिहिला, तो पाळला जातो का हे कळायची सोय केली आणि ती सोय स्वतःच्याच खात्यांना बंधनकारक केली. शाहूंचे नाव घेणाऱ्या प्रत्येक पक्षाकडे एवढीच मागणी आहे की घोषणेसोबत तक्ता द्या.

येत्या पावसाळ्याआधी हे करून पाहता येईल. महायुतीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या आमदार-खासदारांना विचारावे: शक्तिपीठाची जिल्ह्यातली आखणी आज नेमकी कोणत्या गट नंबरांतून जाते, आणि निवडणुकीआधी सभेत जे सांगितले ते कोणत्या कागदाच्या आधारे सांगितले? काँग्रेसच्या आणि महाविकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या नेत्यांना विचारावे: शहराची सत्ता आपल्याकडे असताना निळ्या रेषेच्या आत किती परवाने दिले गेले, आणि थेट पाइपलाइनचे श्रेय घेताना तिच्या दहा वर्षांच्या उशिराचा वाटा आपण घेणार का? दोन्हीकडच्यांनी मिळून वडनेरे समितीच्या अहवालावर आपल्या पक्षाची लेखी भूमिका मागावी, मान्य असेल तर काय करणार आणि अमान्य असेल तर कोणत्या आकड्यावर. उत्तर मिळाले तर ते तालमीच्या फलकावर खडूने लिहावे. नाही मिळाले, तर प्रश्न आणि तो विचारल्याची तारीख तरी तिथे राहू द्यावी.